मुरिल्यो चौकातली सूटकेस

ला पास, २५ जानेवारी १९९४

इलारिओन,

आधी तुझं काम सांगते, म्हणजे बाकीचं नीट वाचशील. शिलाई मशीन घेतलं. काळं, सोनेरी पट्टीचं, करंगळीएवढं आहे आणि चाक खरंच फिरतं. पण त्याला धूप मिळाला तो बारा वाजून गेल्यावर, आणि बाराच्या ठोक्याला धूप लागला तरच चिमुकल्याचं खरं होतं. नाही फळलं तर मला बोल लावू नकोस, तुझ्या आईला लाव.

काल आलासिताच्या जत्रेला आम्ही दोघी नेहमीसारख्या मुरिल्यो चौकात गेलो. पाय ठेवायला जागा नव्हती. त्या कबुतरांनासुद्धा बसायला जागा मिळेना, तर ती लाल कोटवाल्या पहारेकऱ्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत होती. मी आईला दिव्याच्या खांबापाशी उभं केलं आणि म्हटलं, "ज्या खांबाला राष्ट्राध्यक्षाला लटकवलं तोच हा. हलू नकोस, मी मशीन घेऊन येते." तर म्हणते कशी, "लटकवलं तेव्हा मी इथंच होते. तू जन्मली नव्हतीस. मला खांब दाखवू नकोस."

मी मशीन घेतलं, आईसाठी पिठाचं चिमुकलं पोतं घेतलं, परत आले. खांब जागेवर, आई गायब. एकाहत्तर वर्षांची बाई, गुडघे गेलेले, त्या गर्दीत पडली तर वर कोण काढणार? बाजारातल्या सातुर्निनाबाई होत्या जवळच, त्यांनी बोट दाखवलं, "ती बघ, कॅथेड्रलच्या पायरीशी घासाघीस करतेय."

तर आपली आई सूटकेसवाल्याकडं. हातात बोटभर चामड्याची सूटकेस, वर पितळी कुलूप. नखाएवढा पासपोर्ट. आणि बसचं तिकीट. तिला वाचता येत नाही म्हणून तो विक्रेता मोठ्यानं वाचून दाखवत होता, "ब्युनोस आयरिस, आजी, खिडकीची जागा." आई म्हणाली, "खिडकीचीच दे."

तेवढ्यात बाराचे टोले पडले. सगळ्या चौकानं हात वर केले. कोणाच्या हातात घर, कोणाच्या हातात ट्रक, एका म्हाताऱ्याच्या हातात पदवीचा कागद. आईनं दोन्ही हातांनी ती सूटकेस डोक्यावर धरली होती आणि तिचे डोळे सगळीकडं भिरभिरत होते, कोणी बघत तर नाही ना म्हणून. तिची माझी नजरानजर झाली, तशी ती हसली. हसली, इलारिओन. माझे हात वरच गेले नाहीत. टोले संपले तरी तुझं मशीन माझ्या मुठीतच.

मी गेले आणि विचारलं, "कुठं निघालीस?" ती काही बोलणार तेवढ्यात माझंच तोंड सुटलं. जा, म्हटलं, जा तुझ्या लाडक्याकडं. वीस वर्षं माझ्या हातचं खाल्लंस, माझ्या अंथरुणात ऊब घेतलीस आणि आता खिडकीची जागा हवी तुला. लोक वळून बघायला लागले. धूप दाखवणारा यातिरी बाबा धुपाची वाटी हातात धरून तसाच उभा. आईनं सूटकेस पाठीवरच्या अग्वायोच्या कापडात गुंडाळली आणि म्हणाली, "आता वेळ गेली." बस. एवढंच. काल रात्रीपासून ती माझ्याशी बोलत नाही. सकाळी तिनं स्वतःचं सूप स्वतः करून घेतलं आणि माझ्यापुरतं ठेवलंसुद्धा नाही.

आता मला खरं सांग. तू बोलावलंस का तिला? माझ्या पाठीमागं कोणाच्या हातून निरोप धाडलास का? मला कळू दे. माझं डोकं चालेनासं झालंय. आई मला सोडून जाईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

कासिमिरा


ब्युनोस आयरिस, ११ फेब्रुवारी १९९४

ताई,

तुझं पत्र मिळालं. शपथ घालतो, मी आईला बोलावलेलं नाही. निरोप नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. आपली आई, जी शेजारच्या एल आल्तोला लग्नाला जायचं म्हटलं तरी "हवा बाधते" म्हणायची, ती ब्युनोस आयरिसला यायचं म्हणते? मला अजून खरं वाटत नाही.

तू चौकात तिला तसं बोलायला नको होतंस. सातुर्निनाबाई ऐकत होत्या म्हणजे अख्ख्या बाजारानं ऐकलं.

पण ताई, तिला आत्ता पाठवू नकोस. इथं उकाडा भयंकर आहे, म्हातारी माणसं पटापट आजारी पडतात. शिवाय आमच्या इमारतीची लिफ्ट बंद आहे आणि तिचे गुडघे तसे. माझी खोली छान आहे, बाल्कनी आहे, सगळं आहे, पण दिवसभर मी कामावर, तिच्याशी बोलणार कोण? थंडी सुरू झाली की बघू. नाहीतर पुढच्या वर्षी. तिचं ओळखपत्र तुझ्याकडं ठेव. ती रागावली तर म्हण इलारिओननं सांगितलंय.

तिच्याशी गोडीनं बोल. तुला गोडीनं बोलणं म्हणजे काय ते माहीत असेल तर. आणि धूप उशिरा मिळाला तर मिळाला, मशीन अडकव घरच्या एकेको देवाच्या गळ्यात. रागाच्या भरात फेकून देऊ नकोस.

तुझा इलारिओन


ला पास, ३ मार्च १९९४

इलारिओन,

तू घाबरलास. लिफ्ट म्हणे बंद आहे. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस मिळत नाही का त्या शहरात?

मला तुझा राग आला म्हणून मी एक वाईट काम केलं. तुझं पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. उकाडा, लिफ्ट, ओळखपत्र लपव, सगळं. वाटलं, ऐकू दे, तिचा लाडका तिला किती टाळतो ते. मला वाटलं ती रडेल. ती बटाटे सोलत होती, सोलतच राहिली. मग विचारलं, "त्याच्याशिवाय तिथं आपलं आणखी कोण आहे?" चोवीस जानेवारीनंतर ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. तुझ्याकडं जागा नाही तर दुसरं कोण सापडतंय ते बघत होती. मी म्हटलं, कोणी नाही. "बघ आठवून," म्हणाली. इतकी का घाई झालीय तिला माझ्यापासून सुटायची?

आणि हे काहीच नाही. आता जे सांगते ते बसून वाच.

परवा मी बाजारात चुन्योची, आपल्या त्या वाळवलेल्या बटाट्यांची, पोती उघडत होते. सकाळची वेळ, हात गारठलेले. तर आपल्या मावशीची नात निएवेस आली, नवा एप्रन बांधून, आणि माझ्याशेजारी उभी राहिली. म्हटलं, काय ग, चुन्यो हवंय? तर म्हणते, "नाही मावशी, शिकायला आलेय. जूनपासून ही जागा माझी ना." मला वाटलं पोरगी चेष्टा करतेय. मी हसलेसुद्धा. मग बाजाराच्या संघटनेच्या बाई आल्या, त्यांनी खाली बघत सांगितलं की तुमची आई आली होती, काठी टेकत, एकटी. जागा तिच्या नावावर आहे, तिनं ती निएवेसच्या नावावर करायला सांगितली. सगळ्यांसमोर अंगठा दिला.

माझी जागा, इलारिओन. पोरगी असल्यापासून मी तिथं बसते. माझं लग्न झालं नाही, पोर झालं नाही, माझं जे काही आहे ते त्या दीड हात फळीवर आहे. मला न विचारता तिनं माझ्या पोटावर पाय दिला. मी बाईंच्या समोर पोत्यावर बसले. कोणीतरी प्यायला गरम आपी आणून दिली.

घरी जाऊन विचारलं, का केलंस? म्हणाली, "तूच म्हणालीस ना जा. मी जाण्याआधी सगळं मार्गी लावतेय." आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

तिला वेड लागलंय का? की आपण तिला कधी ओळखलंच नव्हतं? मी तिला आता थांबवणार नाही. तिकीट मी काढून देते, येऊ दे तुझ्याकडं. तुझी बाल्कनी झाडून ठेव.

कासिमिरा


ब्युनोस आयरिस, १९ मार्च १९९४

ताई,

हे पत्र पोस्टानं नाही, सीमेवरच्या व्हियासोनला जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडं दिलंय, म्हणजे लवकर पोचेल. तिकीट काढलं असशील तर परत कर. हात जोडतो.

बाल्कनी नाही. कधीच नव्हती. खोलीही नाही. मी ज्या कारखान्यात शिवतो तिथंच, मशीनच्या खाली गादी टाकून झोपतो. आम्ही असे बरेच जण आहोत. लिफ्टबद्दल लिहिलं कारण आमच्याकडं लिफ्टच नाही, आम्ही तळघरात आहोत. मी दरवर्षी तुला मशीन मागतो ते हौस म्हणून नाही, ताई. स्वतःचं मशीन झालं की मी इथून बाहेर पडेन, एवढीच आशा आहे. आईनं हे पाहिलं तर ती जागच्या जागी मरेल. आणि ती बघेल आणि मी तिथं उभा असेन, हे मला सहन होणार नाही. तुला शिव्या द्यायच्या तर दे. मी तयार आहे.

पण तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि एक गोष्ट मला खटकली. तू इतकी चिडली होतीस की तुला ती दिसली नसेल.

आठवतं, मी आठ वर्षांचा असताना आलासिताला माझ्याच पैशांनी फुटबॉल घेतला होता? सुपारीएवढा. आईनं चौकातच माझ्या कानाखाली वाजवली होती. "स्वतःला स्वतः घेतलेलं खेळणंच राहतं. दुसऱ्याच्या हातून येतं तेच फळतं." मग तो फुटबॉल तिनं माझ्या हातून काढून घेतला आणि तिनं मला दिला, तेव्हा कुठं धूप दाखवू दिला. तिनं आयुष्यात कधी स्वतःसाठी काही घेतलं का त्या चौकात? तिचं पीठ तू घेतेस, तुझी साखर ती घेते. सातुर्निनाबाईंचं घर आपण घेतो, आपलं त्या घेतात.

मग ती सूटकेस तिची कशी असेल? ती टोले पडताना इकडंतिकडं बघत होती असं तू लिहिलंस. तुला वाटलं लपवतेय. ती कोणाला तरी शोधत असेल, ताई. बाराच्या आत हातात द्यायला.

जा आणि विचार तिला, ती कोणासाठी होती. भांडू नकोस. फक्त विचार.

इलारिओन


ला पास, ५ एप्रिल १९९४

इलारिओन,

विचारलं.

"तुझीच," म्हणाली. एवढं सहज म्हणाली, जसं काही मीठ कुठं आहे ते सांगतेय.

ती पुढं सांगत गेली. म्हणाली, "वडील गेले त्या वर्षी तू जायला निघाली होतीस. तुझ्या बॅगेला मी दोरी बांधली होती. मग तू राहिलीस. मला वाटलं थोडे दिवस राहील. मग बरं वाटायला लागलं, मी गप्प बसले. तू पण बोलली नाहीस. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकानं तुला वय विचारलं आणि तू त्रेचाळीस म्हणालीस, तेव्हा मी पाठीमागं मटार सोलत होते. मला माहीतच नव्हतं तू त्रेचाळीस झालीस." म्हणून चौकात गेली ती. माझ्या हातात द्यायची होती बाराच्या ठोक्याला. मी समोर आले, ती हसली, आणि मी तिला भर चौकात भिकारडीसारखं झापलं.

इलारिओन, मला काय वाटलं सांगू? मला संतापच आला. तुला वाटेल मी विरघळले असेन. नाही. मला कोणी विचारलं होतं का? वीस वर्षं मी तिच्यासाठी सडत होते असं ती समजते? माझी जागा, माझी गिऱ्हाइकं, मी आरोळी दिली की बाजाराच्या त्या टोकाचा माणूस वळतो, हे सगळं म्हणजे शिक्षा होती का? मी म्हटलं, मला कुठं जायचं नाही, कधीच जायचं नव्हतं, मी आत्ताच्या आत्ता माझी जागा परत घेते. ती म्हणाली, घे.

गेले बाजारात. तरातरा. निएवेस एकटीच होती फळीवर. मी समोर जाऊन उभी राहिले, म्हणजे गिऱ्हाईक उभं राहतं त्या बाजूला. आयुष्यात त्या बाजूला मी कधी उभी नव्हते राहिले. आणि त्या पोरीनं मान वर न करता, गिऱ्हाइकाला लाडानं हाक मारतात तशी आरोळी दिली, "या कासेरिता, काळं चुन्यो, पांढरं चुन्यो, हात लावून बघा." माझाच सूर. माझंच तोंड वाकडं करणं. बाजूला तोच मिठाचा ढीग, तेच कुत्रं, समोर तीच भिंत. मी तिथं उभी होते आणि मला आतून काहीच ओढेना. ओढ नाही, राग नाही, काही नाही. मी घाबरले. मला वाटलं होतं मी तिथं जाऊन पोरीच्या झिंज्या उपटेन. मी किलोभर चुन्यो घेतलं, पैसे दिले आणि घरी आले.

वाटेत मुरिल्यो चौकात बसले. कधी बसत नाही, बसायला वेळ कोणाला असतो. कबुतरं पायाशी येत होती. तिथं मला कळलं की आई खरं बोलत होती आणि मी खोटं बोलत होते, आणि मला ते माहीत नव्हतं. अशी गोष्ट माणसाला माहीत नसते हे कसं शक्य आहे? मी रडले, सगळ्यांसमोर. एक पोलीस येऊन म्हणाला, बाई, काही हरवलंय का. मी म्हटलं, नाही बाबा, जा.

तू तळघरात झोपतोस. ठीक आहे. शिव्या समोर आल्यावर देईन. तू मशीनखाली झोपतोस तर मी मशीनवर झोपेन. तिथल्या लिनिएर्सच्या वस्तीत आपली माणसं चुन्योला तरसतात असं तूच लिहायचास, ते तरी खरं आहे ना? मी दोन पोती घेऊन येते. तिथं एक फळी बघून ठेव. निएवेस आईजवळ राहायला येतेय, तिनं कबूल केलंय.

आईला उद्या सांगणार आहे. तिला केवढा आनंद होईल. आपल्या म्हातारीची मागणी पहिल्यांदाच खरी झाली.

कासिमिरा


ला पास, १२ एप्रिल १९९४

इलारिओन,

हे पत्र मी पोचण्याआधी पोचेल की नंतर, माहीत नाही. तरी लिहिते, कारण हे मला तोंडानं सांगता येणार नाही.

रोज उद्यावर ढकलत शेवटी आज संध्याकाळी मी आईला सांगितलं. ती चुलीशी बसली होती. मी म्हटलं, "आई, मी जातेय. बुधवारची बस." ती चुलीत लाकूड सारत राहिली. मला वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं. तर तिनं माझा झगा मुठीत धरला. लहान पोर धरतं तसा. आणि म्हणाली, "जाऊ नकोस."

मी म्हटलं, अग तूच मागितलंस ना. देवापुढं हात वर करून मागितलंस.

म्हणाली, "दरवर्षी आपण घर घेतो. आलं का कधी घर? ट्रक घेतला, आला का? मला वाटलं हे पण तसंच. तुला बरं वाटावं म्हणून घेतली. आईला आपलं मन कळलं, एवढं तुला वाटावं म्हणून. तू जाशील असं मला वाटलंच नव्हतं."

आणि जागा? ती का देऊन टाकलीस? "तू चौकात ओरडलीस म्हणून. हट्टाला पेटले, जाते जाते म्हणत राहिले. तू येऊन माझ्या पाया पडशील, जागा मागशील, मी देईन, असं धरून बसले होते. तू मागितलीच नाहीस."

इलारिओन, मी आपल्या आईला रडताना कधी पाहिलं नव्हतं. वडील गेले तेव्हाही ती दाराआड गेली होती. ती माझ्यासमोर रडत होती, झगा सोडत नव्हती, आणि मला तिच्यावर इतकी माया येत होती की माझा जीव जाईल असं वाटलं. मी "राहते" म्हणायला तोंड उघडलं. तीन वेळा उघडलं. शब्द बाहेर आला नाही. असं माझ्या तोंडाला कधीच झालं नव्हतं, तुला माहीत आहे.

मी तिच्या मुठीतून झगा सोडवला. एकेक बोट उलगडून. मग तिच्या गुडघ्यांना तेल लावलं, अंथरूण घातलं, तिला झोपवलं. ती म्हणाली, "म्हणजे राहतेस." मी दिवा मालवला.

बस उद्याची आहे. ती झोपलीय, आणि मी जातेय.

कासिमिरा